मैदानाच्या आधी कागद

(गेल्या वर्षीच्या गणेशोत्सवात आमच्या मदत-गटातर्फे केलेल्या भाषणाचा मजकूर)



आम्ही पाच जण आहोत हे आपल्याला ठाऊक आहेच. दोन निवृत्त शिक्षक, एक महसूल खात्यातून निवृत्त झालेले, एक माजी सैनिक आणि एक संगणकावर बसणारा तरुण. गेली तीन वर्षे सैन्यभरतीची जाहिरात आली की आम्ही मुलांचे अर्ज भरून देतो. मंडळाने या वर्षी सांगितले, ‘तुम्ही काय करता ते एकदा सगळ्यांसमोर बोला.’ म्हणून उभे आहोत. पाचही जणांच्या वतीने बोलतो आहोत, तेव्हा ‘आम्ही’ म्हणू, आणि चूक सांगायची वेळ आली तरी ‘आम्ही’च म्हणू.

आपल्या आदिलाबादची मुले पहाटे डांबरी रस्त्यावर पळताना दिसतात. १६०० मीटरचे अंतर, हातात मोबाइलचे घड्याळ. साडेपाच मिनिटांच्या आत आले तर पूर्ण गुण. मग नऊ फुटांचा खड्डा ओलांडणे, बीमला लटकून दहा वेळा शरीर वर उचलणे, नागमोडी पट्टीवर तोल सांभाळणे. मुलांना वाटते, भरती म्हणजे हेच. आईवडिलांनाही तेच वाटते. दूध वाढवतात, बूट घेऊन देतात. पण आमचा तीन वर्षांचा अनुभव वेगळा आहे. मुलगा मैदानात कमी पडला तर पुढच्या वर्षी दम वाढवून येतो. कागदात अडला तर घरात कोणालाच काय चुकले ते समजत नाही, आणि तोवर वय निघून जाते.

वयाचे आधी सांगतो. जून २०२२ मध्ये अग्निपथ योजना जाहीर झाली तेव्हा मूळ वयोमर्यादा साडेसतरा ते एकवीस अशी ठेवली गेली. दरवर्षीच्या जाहिरातीत कोणत्या तारखेपासून कोणत्या तारखेपर्यंत जन्मलेले चालतील ते छापलेले असते, ते वाचून घ्यावे. हिशेब केला तर एका मुलाच्या वाट्याला तीन, फार तर चार संधी येतात. त्यातली एक कागदात गेली की चौथा हिस्सा गेला.

आता अर्जात काय विचारतात? मुलाचे नाव, वडिलांचे नाव, आईचे नाव, जन्मतारीख. हे चारही दहावीच्या प्रमाणपत्राप्रमाणेच हवे. आधार क्रमांक, मोबाइल, ई-मेल. राज्य, जिल्हा, तहसील. धर्म, जात. दहावीचे विषयवार गुण. जनरल ड्यूटीसाठी एकूण ४५ टक्के आणि प्रत्येक विषयात ३३. एनसीसी, खेळ, वडील सैन्यात असतील तर त्याची नोंद. अविवाहित असल्याचे सांगावे लागते. ही माहिती घरबसल्या भरायची, २५० रुपये शुल्क भरायचे. २०२३ पासून आधी संगणकावर लेखी परीक्षा आणि त्यात निवडलेल्यांनाच मैदानावर बोलावणे, असा क्रम आहे. २०२५ च्या परीक्षेत भाषांमध्ये तेलुगूबरोबर मराठीही आली. आपल्या मराठी माध्यमाच्या मुलांसाठी ही चांगली गोष्ट आहे. भाषा निवडताना लाजून इंग्रजीवर खूण करू नका.

मैदानावर मात्र तोंडी चालत नाही. अर्जात जे जे लिहिले त्याचा कागद दाखवावा लागतो. दहावीचा मेमो, फोटो असलेला रहिवासी दाखला, जातीचा दाखला, शाळेचा चारित्र्य दाखला, सरपंचांचा किंवा नगरपालिकेचा चारित्र्य दाखला, अविवाहित असल्याचा दाखला. शेवटचे दोन सहा महिन्यांच्या आतले हवेत. गेल्या वर्षीचा जपून ठेवलेला दाखला कितीही कोरा करकरीत असला तरी चालत नाही.

आता आपल्या घरांत काय होते ते पाहू. आपण मराठी माणसे तीन नावे लिहितो: आपले, वडिलांचे, आडनाव. इथल्या तेलुगू पद्धतीत आडनाव आधी, मग नाव, आणि आडनावाचे बहुतेक एकच अक्षर. एकाच मुलाचे नाव मेमोवर एका पद्धतीने आणि आधारवर दुसऱ्या पद्धतीने असते. शिवाय स्पेलिंग. पलीकडे यवतमाळला ज्ञानेश्वर लिहिताना इंग्रजीत ‘डी’ने सुरुवात करतात, इथे ‘जी’ने. विठ्ठलमधला एक ‘टी’ कधी असतो, कधी नसतो, ‘एच’चेही तसेच. आपल्याला घरात यात काही वावगे वाटत नाही. तपासणाऱ्या माणसाला मात्र ती दोन वेगळी माणसे दिसतात, आणि त्याचे चुकते असे आम्ही म्हणणार नाही. बंदूक कोणाच्या हातात द्यायची हे ठरवताना त्याने काटेकोर असायलाच हवे.

आईच्या नावाचे तर विचारूच नका. आपल्यात लग्नात नाव बदलण्याची पद्धत आहे. माहेरची शांता सासरी लक्ष्मी होते. माहेर किनवटचे किंवा पांढरकवड्याचे, सासर बेल्याचे किंवा जैनथचे. तिच्या शाळेच्या दाखल्यावर एक नाव, आधारवर दुसरे, आणि मुलाला शाळेत घालताना जे तोंडात आले ते तिसरे. माउलींनो, आपले नाव काय लिहिले आहे ते एकदा मुलाच्या मेमोवर पाहा. कोणी विचारत नाही म्हणून कित्येक जणींनी ते कधी पाहिलेलेच नसते.

दुसरी गोष्ट आपल्या सरहद्दीची. १९५६ च्या राज्यपुनर्रचनेत आपल्या जिल्ह्यातून किनवट आणि राजुरा तालुके आणि बोथ तालुक्यातले इस्लापूर मंडल तिकडे मुंबई राज्यात गेले. नांदेडमधून मुधोळ, भैंसा आणि कुबीर ही मंडले इकडे आली. भावकी दोन्हीकडे राहिली. त्यामुळे मुलांना वाटते, मामाच्या गावचा पत्ता देऊन तिकडूनही एक अर्ज करावा. तसे करू नका. तेलंगणाची मुले सिकंदराबादच्या भरती कार्यालयाकडे जातात, यवतमाळ-चंद्रपूरची नागपूरकडे. ज्या जिल्ह्याचा रहिवासी दाखला, तिथलाच अर्ज. दोन अर्ज केले की दोन्ही बाद होण्याची वेळ येते.

पत्त्यावर केवढे अवलंबून असते ते ऐका. आजवरच्या जाहिरातींप्रमाणे जनरल ड्यूटीसाठी आपल्याकडच्या मुलाला १६६ सेंटीमीटर उंची लागते, महाराष्ट्रातल्या मुलाला १६८. पैनगंगेच्या दोन काठांवरचे दोन मावसभाऊ, आणि दोन सेंटीमीटरचा फरक. जातीचेही तसेच. बंजारा समाज इथे अनुसूचित जमातीत आहे, तिकडे विमुक्त जातींत. म्हणून किनवटच्या भावाचा दाखला पाहून उटनूरच्या भावाने आपला अर्ज भरू नये. सैन्यात जातीवर आरक्षण नाही, तरी दाखला मागतात, आणि अर्जात लिहिले तसाच तो असावा लागतो. आदिवासी मुलांसाठी उंचीत सवलत आहे. गोंदणाचेही नियम आहेत: हाताच्या आतल्या बाजूला, कोपरापासून मनगटापर्यंत, आणि पंजाच्या मागच्या बाजूला चालते. आदिवासींना त्यांच्या रूढीप्रमाणे चालते. पण छातीवर किंवा मानेवर हौसेने काढलेल्या टॅटूला ही सवलत नाही. मागच्या रांगेने हे लक्षात ठेवावे.

जात हा रकाना वाचताना आम्हाला एक जुनी गोष्ट आठवते. इंग्रजांनी १८९० नंतरच्या वर्षांत पलटणींची जातवार फेररचना केली आणि पिढ्यानपिढ्या लढलेल्या महारांची भरती बंद केली. माणूस तोच, अंगातली ताकद तीच. फक्त रकान्यातल्या एका शब्दाने दार बंद झाले. शिवराम जानबा कांबळे यांनी १९१० मध्ये अर्ज पाठवून दाद मागितली. पहिल्या महायुद्धात गरज पडली तेव्हा १११ वी महार पलटण उभी केली, युद्ध संपल्यावर १९२१ मध्ये मोडली. अखेर डॉ. आंबेडकरांच्या पाठपुराव्याने १९४१ मध्ये बेळगावला महार रेजिमेंट उभी राहिली. आज अग्निवीराची भरती सर्व जातींना खुली आहे. ज्या रकान्याने दार बंद केले होते ते दार उघडायला अर्ज-विनंत्या करण्यात पन्नास वर्षे गेली. आपण तो रकाना घाईने भरतो, याचे वाईट वाटते.

आता आमची चूक सांगतो. आपल्याच ओळखीच्या घरातला एक मुलगा. नाव सांगत नाही. लेखी परीक्षा पास झाला, मैदानावर पहिल्या गटात आला, उंची-छाती बसली. कागद तपासताना थांबवले. दहावीच्या मेमोवर वडिलांचे नाव ‘बापूराव’, आधारवर ‘नामदेव’. दुरुस्ती करून आणायला सांगितले. शाळेतून बोर्डाकडे आणि बोर्डाकडून शाळेकडे जाईपर्यंत मुदत संपली. पुढच्या जाहिरातीच्या तारखांत त्याचे वय बसले नाही. आज तो कापसाच्या जिनिंगमध्ये कामाला आहे. काम कष्टाचे आहे, प्रामाणिक आहे. पण त्याने ते निवडले नव्हते.

‘बापूराव’ हे नाव शाळेच्या रजिस्टरमध्ये कोणी लिहिले? आमच्यातल्याच एका शिक्षकाने. वडील शेतावर होते, आजी मुलाला घेऊन आली होती. सारे गाव त्यांना बापूराव म्हणते, आम्हीही म्हणतो. तेच लिहिले. अशीच पूर्वी जन्मतारीख माहीत नसली की १ जून लिहायची आमची पद्धत होती, त्यावर आपण सगळे हसतो. त्या मुलाकडे पाहिल्यावर हसू येत नाही. आम्ही त्याच्या घरी जाऊन सांगितले, चूक आमची. वडील म्हणाले, ‘गुरुजी, तुम्ही मुद्दाम थोडेच केले?’ मुलगा काही बोलला नाही. आमचा हा मदत-गट त्या दिवसानंतर सुरू झाला.

म्हणून आमची पहिली विनंती अशी. दहावीच्या परीक्षेआधी शाळा मुलांची नावे बोर्डाकडे पाठवते, त्याला नॉमिनल रोल म्हणतात. तो जाण्याआधी आईवडिलांपैकी एकाने शाळेत जाऊन आपल्या मुलाची ओळ वाचावी. वाचता येत नसेल तर आम्हाला घेऊन जा. तिथे पेनाने होणारी दुरुस्ती पुढे महिने खाते. मेमो आल्यावर आधार त्याच्याशी जुळवून घ्या. आधारवर नाव दोनदाच बदलता येते आणि जन्मतारीख एकदाच, म्हणून अंदाजाने बदलू नका. मुलींनाही हेच लागू आहे, आणि भरतीला जायचे नसले तरी लागू आहे. बँक, पासपोर्ट, कॉलेज, सगळीकडे हीच चार ओळींची माहिती विचारतात.

दुसरी विनंती मुलांना. जे आहे ते लिहा. लग्न झाले असेल, पोलीस ठाण्यात नाव गेले असेल, तर लपवू नका. विसर्जन मिरवणुकीत क्षणभर झालेली हाणामारी चारित्र्य पडताळणीत पुढे येते. खोटी माहिती आढळली तर वर्दी चढल्यावरही काढून टाकतात. त्यापेक्षा मिरवणुकीत हात आवरलेला बरा.

तिसरी विनंती सगळ्यांना. ‘मी काम करून देतो’ म्हणणाऱ्याला मूळ कागद, मोबाइलवर आलेला ओटीपी आणि पैसे यांपैकी काहीही देऊ नका. भरतीला शुल्काशिवाय पैसे लागत नाहीत. आम्हीसुद्धा अर्ज भरताना झेरॉक्स पाहतो आणि परत करतो. ओटीपी मुलानेच टाकायचा. तुमच्या घरची माहिती आमच्या वहीत राहत नाही.

आणि एक गोष्ट पालकांनी मुलाशी बसून बोलावी. नोकरी चार वर्षांची आहे. त्यातल्या २५ टक्क्यांपर्यंत मुलांना पुढे कायम करतात. बाकीचे सुमारे पावणेबारा लाखांचा सेवा निधी घेऊन घरी येतात, त्यातला निम्मा त्यांच्याच पगारातून कापलेला असतो. जावे की जाऊ नये हे आम्ही सांगणार नाही. आमच्यातले माजी सैनिक जा म्हणतात, एक गुरुजी आधी डिग्री म्हणतात, आमचे भांडण चालू असते. पण तो निर्णय मुलाने आणि त्याच्या घराने घ्यावा. चुकलेल्या नावाने तो परस्पर घेऊ नये, एवढ्यासाठी आम्ही बसतो.

उद्यापासून अनंत चतुर्दशीपर्यंत, रोज संध्याकाळच्या आरतीनंतर, मांडवाच्या डाव्या बाजूला टेबल असेल. दहावीचा मेमो आणि आधारची झेरॉक्स आणा. आईला बरोबर आणा. प्रसाद घेऊन जाताना दहा मिनिटे बसा. आठवी-नववीतली मुले आली तर आम्हाला सगळ्यात आनंद होईल, कारण त्यांच्या हातात अजून वेळ आहे.