वायरीतून आवाज जात नाही

(नभोवाणी भाषणाचा संपादित भाग)

कवीला बोलावलं की तो कवितेवर बोलणार, असं आपण धरूनच चालतो. आज मी एका वायरीवर बोलणार आहे. तिच्या दोन्ही टोकांना पाच पिनांचं गोल तोंड असतं. ऑर्केस्ट्रात कीबोर्डच्या मागे लोंबताना ती तुम्ही पाहिली असेल. तिला ‘मिडी केबल’ म्हणतात. कुणालाही वाटावं की या वायरीतून गाणं वाहत असणार. प्रत्यक्षात तिच्यातून आवाज जातच नाही. जातो तो निरोप : अमुक पट्टी दाबली, इतक्या जोरानं दाबली, आता सोडली. त्या निरोपाचा सूर करायचं काम पलीकडच्या यंत्राचं.

मी बी.ए. झालो तो मराठी घेऊन. विजेच्या वायरीशी माझा संबंध इस्त्रीपुरता. तरी या विषयात शिरलो तो एका स्नेह्यांमुळे. त्यांना सगळे मास्तरच म्हणतात. भजन असो, लग्न असो की उरुसातली कव्वाली, गावात चाळीस वर्षं साथीला मास्तर. आधी हार्मोनियम, मग कीबोर्ड. तीन वर्षांपूर्वी त्यांना अर्धांगवायूचा झटका आला. उजवा हात सावरला. डाव्या हाताचं एकच बोट हलतं, तेही सावकाश. मास्तरांनी कीबोर्डवर चादर घातली आणि विषय बंद केला.

त्यांची नात पुण्याला इलेक्ट्रॉनिक्स शिकते. दिवाळीच्या सुट्टीत तिनं डब्याएवढं एक यंत्र आणलं. त्याला ‘सीक्वेन्सर’ म्हणतात. सुरांचा क्रम त्यात भरून ठेवायचा, मग ते तोच क्रम लयीत पुन्हा पुन्हा वाजवून घेतं. डाव्या हाताची खर्जातली चाल तिनं भरून दिली. पण गाणं काही एका सुरावर बसून राहत नाही. वर सूर बदलला की खालची चालही सरकावी लागते. ती केव्हा आणि किती सरकवायची, हे सीक्वेन्सरला कीबोर्डनं सांगायला हवं. एवढी जुळणी राहिली आणि सुट्टी संपली. यंत्रासोबतचं पुस्तक इंग्रजीत. मास्तर म्हणाले, “शायर, तुम्ही बी.ए. आहात. वाचा.”

वाचायला बसलो. कीबोर्ड एका कंपनीचा, सीक्वेन्सर दुसऱ्या देशातल्या दुसऱ्या कंपनीचा. यांना एकमेकांची भाषा कशी कळते, हा माझा पहिला प्रश्न. तो १९८० च्या सुमारास वाद्यं बनवणाऱ्यांनाही पडला होता. तेव्हा प्रत्येक कंपनीची जोडणी निराळी होती. अमेरिकेतले डेव्ह स्मिथ आणि जपानच्या रोलँड कंपनीचे इकुतारो काकेहाशी यांनी पुढाकार घेतला. जानेवारी १९८३ मध्ये कॅलिफोर्नियातल्या वाद्यांच्या प्रदर्शनात स्मिथ यांचा ‘प्रॉफेट-६००’ आणि रोलँडचा ‘ज्युपिटर-६’ एका वायरीनं जोडले गेले, आणि एकाच्या पट्ट्यांवर दुसरा वाजू लागला. धंद्यातल्या प्रतिस्पर्ध्यांनी एक भाषा ठरवली आणि ती वापरण्याचे पैसे कुणाकडून घेतले नाहीत. या कामासाठी दोघांना २०१३ मध्ये तांत्रिक ग्रॅमी सन्मान मिळाला. काकेहाशी २०१७ मध्ये गेले, स्मिथ २०२२ मध्ये. २०२० मध्ये या भाषेची दुसरी आवृत्ती आली, पण जुनी वाद्यं आजही पहिल्या भाषेत बोलतात.

आता जोडणी. यंत्रांच्या पाठीवर भोकं असतात, त्यांवर ‘आउट’ आणि ‘इन’ लिहिलेलं असतं. आउट म्हणजे तोंड, इन म्हणजे कान. कीबोर्डच्या तोंडातून एक वायर सीक्वेन्सरच्या कानात. सीक्वेन्सरच्या तोंडातून दुसरी वायर परत कीबोर्डच्या कानात, कारण शेवटी आवाज काढायचा तो कीबोर्डनंच. तोंडाला तोंड जोडलं तर काय होईल हे सभा-संमेलनांत बसलेल्यांना सांगायला नको.

वायरी लागल्या, पण सीक्वेन्सर ढिम्म. कारण एका वायरीतून सोळा चॅनेल जातात. मास्तरांच्या कीबोर्डवर पट्ट्यांचे दोन भाग पाडता येतात. डाव्या भागाचे निरोप तिसऱ्या चॅनेलवरून निघत होते. सीक्वेन्सर मात्र चाल सरकवायचा हुकूम सोळाव्यावर ऐकायला बसलेला. कारखान्यातूनच तो तसा आला होता. निरोप त्याच्यापर्यंत पोचत होता, पण आपल्यासाठी आहे असं त्याला वाटत नव्हतं. सोळाच्या जागी तीन केले आणि खर्ज हलला.

मग दुसरी अडचण. उजव्या हाताचा प्रत्येक सूर दोनदा ऐकू येऊ लागला. एकदा थेट कीबोर्डमधून, एकदा सीक्वेन्सरकडून फिरून. त्यावर उपाय ‘लोकल ऑफ’. म्हणजे पट्ट्या आणि आवाज यांचा कीबोर्डच्या आतला संबंध तोडायचा, आणि सगळे निरोप सीक्वेन्सरमार्फत फिरवून आणायचे. “माझा कीबोर्ड मुका केलात की!” मास्तर ओरडले. पुढच्या क्षणी सूर आला, एकदाच. हा वळसा कानाला जाणवत नाही. वायरीतून सेकंदाला ३१,२५० बिट जातात; एक पट्टी दाबल्याचा निरोप जायला सेकंदाचा साधारण हजारावा भाग लागतो.

आता उरलं ते बोट. मास्तरांना खरी धास्ती त्याचीच होती. म्हणाले, “शायर, हे बोट दाबत नाही, नुसतं टेकतं. यंत्राला कळेल?”

याचं उत्तर मला पुस्तकात सापडलं. मिडीमध्ये प्रत्येक पट्टीला शून्य ते १२७ मधला एक आकडा असतो. मधल्या सप्तकातली पांढरी एक म्हणजे ६०, पांढरी चार म्हणजे ६५. दाबण्याचा जोर हा वेगळा आकडा. पट्टी किती वेगानं खाली गेली यावरून कीबोर्ड तो ठरवतो. सावकाश दाबली की आकडा लहान, सूर बारीक. वाजवण्यात दोन्ही आकडे लागतात. पण चाल सरकवण्यासाठी आमचा सीक्वेन्सर फक्त पहिला आकडा बघतो. ६५ आला, म्हणजे ६० पासून पाच पट्ट्या वर. जोर वीस असो की शंभर, खर्ज तेवढ्याच दमदारपणे पांढरी चारवर जाऊन बसतो.

मास्तरांनी ते बोट पट्टीवर ठेवलं. ठेवलं म्हणण्यापेक्षा उतरवलं. खर्ज सरकला. त्यांनी दुसरी पट्टी घेतली, तिसरी घेतली. मग उजवा हात वर आला आणि त्यांनी मुखडा धरला. मी पुस्तक मिटलं.

लोक म्हणतात, यंत्र आलं की माणसाचा हात जातो. ते पुष्कळदा खरंही आहे. एका सीक्वेन्सरनं किती वादकांचं काम नेलं असेल ते ऑर्केस्ट्रावाल्यांना विचारा. इथे मात्र घरी बसलेला हात कामावर आला. सूर केव्हा बदलायचा हे यंत्राला ठाऊक नाही. ते मास्तरांना ठाऊक आहे, आणि तेवढं सांगायला एक बोट पुरतं.

अडचणी संपल्या असं नाही. भजनाची लय चढत जाते, आणि हा सीक्वेन्सर तबलजीचं ऐकत नाही. तो आपल्या ठरल्या चालीनं चालतो. म्हणून शेवटच्या चढत्या लयीला मास्तर त्याला थांबवतात आणि एकट्या उजव्या हातानं गजर पुरा करतात. गेल्या गुरुवारी टाळकऱ्यांनी त्यांना दोनदा पुढे पळवलं. घरी जाताना मास्तर दमले होते आणि तबलजीवर चिडले होते, अगदी पूर्वी चिडायचे तसेच.