तुटलेला आवाज आणि भरून काढलेला आवाज



फोरजीवरच्या कॉलमध्ये आपला आवाज सलग जात नाही. वीस-वीस मिलिसेकंदांचे तुकडे पाडून एकेक तुकडा एकेका पॅकेटात पाठवला जातो. सेकंदाला पन्नास पॅकेटे. काही वाटेत हरवतात, काही वेळ टळल्यावर येतात. हा बिघाड नव्हे. आवाजाचे शंभरातले एखादे पॅकेट गेले तरी चालेल, असे फोरजीच्या, म्हणजे एलटीईच्या, मानकातच गृहीत धरले आहे. तेव्हा प्रश्न उरतो तो हरवलेल्या जागी ऐकणाऱ्याच्या कानावर काय घालायचे याचा. लहानशी खाच जरूर बुजवावी. पण जे पोचलेच नाही ते पोचल्यासारखे ऐकवू नये, आणि मधले काही गेले आहे हे ऐकणाऱ्यापासून लपवू नये, असे माझे म्हणणे आहे.

हरवलेले पॅकेट पुन्हा का मागवत नाहीत? फोटो किंवा बँकेचा व्यवहार पाठवताना तसेच होते. संभाषणाला मात्र तेवढी सवड नसते. एका बाजूचा विलंब १५० मिलिसेकंदांच्या आत राहिला तर बहुतेकांना तो खुपत नाही, असे आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघाची जी.११४ ही शिफारस सांगते. हँडसेट आणि टॉवर यांच्यात पुन्हा पाठवणे जमते, कारण तिथली एक फेरी आठेक मिलिसेकंदांत होते. पण मुंबईतली आई न्यू जर्सीतल्या मुलाशी बोलत असेल तर? सरळ रेषेत मोजले तरी अंतर साडेबारा हजार किलोमीटरच्या आसपास. काचेच्या तंतूतून प्रकाश सेकंदाला सुमारे दोन लाख किलोमीटर जातो, म्हणजे एका वाटेला साठाहून अधिक मिलिसेकंद. हरवलेले पॅकेट, त्याची मागणी आणि पुन्हा पाठवलेले पॅकेट अशा तीन वाटा धरल्या की आकडा १८०च्या पुढे जातो. ही मर्यादा प्रकाशाच्या वेगाने घातलेली आहे. कंपनी बदलून ती टळत नाही.

म्हणून खाच ऐकणाऱ्याच्या बाजूलाच बुजवावी लागते. जीएसएमच्या जुन्या पद्धतीत शेवटचा तुकडा पुन्हा वाजवून आवाज हळूहळू उतरवत नेत आणि फार तर ३२० मिलिसेकंदांनी पूर्ण शांतता करत. १९९९मध्ये जी.७११ या दूरध्वनीच्या मानकाला जोडलेल्या पद्धतीत स्वराच्या लहरीची आवर्तने पुढे चालवतात आणि ६० मिलिसेकंदांनी थांबतात. ‘आ’ किंवा ‘ई’साठी हे उत्तम चालते, कारण स्वर स्वतःचीच आवृत्ती करत पुढे सरकतो. पण ‘ट’ किंवा ‘त’ उच्चारताना होणारा स्फोट दहा-वीस मिलिसेकंदांत संपून जातो. तो सगळाच्या सगळा एका पॅकेटात मावू शकतो. ‘ताट’ म्हटले की ‘थाट’ म्हटले, हे ठरते त्या स्फोटावर आणि त्यामागच्या श्वासाच्या झोतावर. शब्दाच्या आरंभीचे ते पॅकेट गेले, तर आधीच्या आवाजात त्याचा मागमूस नसतो.

आता हे काम शिकवलेली यंत्रे करू लागली आहेत. गूगलने २०२०मध्ये ड्युओ या आपल्या तेव्हाच्या कॉल सेवेत वेव्हनेटईक्यू आणले. ४८ भाषांतल्या शंभराहून अधिक व्यक्तींच्या आवाजांवर शिकलेले हे मॉडेल अर्धवट राहिलेले अक्षर सुमारे १२० मिलिसेकंदांपर्यंत पुरे करते. ते तिथेच थांबवले, हा निर्णय मला फार मोलाचा वाटतो. पुढे जाण्याचा मोह उद्या होईलच. जुना आवाज यांत्रिक, खरखरीत होई. पण त्या खरखरीमुळे तरी ‘पुन्हा सांगा’ म्हणायचे सुचे. गुळगुळीत भरलेल्या जागेत ती सूचनाच मिळत नाही.

यावर एक वजनदार आक्षेप आहे: मेंदूही हेच करतो. रिचर्ड वॉरन यांनी १९७०मध्ये एका इंग्रजी वाक्यातल्या शब्दातला ‘स’ काढून तिथे खोकला घातला. वीसपैकी एकोणीस श्रोत्यांना काहीच गळलेले जाणवले नाही. मग यंत्रालाच दोष का? कारण मेंदू अख्ख्या वाक्याचा आधार घेतो. आकडा, आडनाव, औषधाची मात्रा यांना असा आधार नसतो. मिलर आणि लिकलायडर यांनी १९५०मध्येच तुटक बोलणे तपासले होते. खाचांत गोंगाट भरल्यावर बोलणे सलग वाटू लागले, पण सुटे शब्द अधिक कळले नाहीत. गुळगुळीतपणा आणि आकलन या वेगळ्या गोष्टी आहेत, याचा याहून स्पष्ट पुरावा मला माहीत नाही. त्यांचेच प्रयोग असेही दाखवतात, की खाचा बारीक आणि वरचेवर असतील तर निम्मा आवाज कापूनही बहुतेक शब्द समजतात. शांततेला एवढे भिण्याचे कारण नाही.

अंदाजापेक्षा खरी माहिती बरी. २०१४च्या ईव्हीएस या कोडेकमध्ये, म्हणजे आवाज आकुंचित करून पाठवण्याच्या पद्धतीत, अशी सोय आहे: महत्त्वाच्या तुकड्यांची छोटी प्रत थोड्या उशिराच्या पॅकेटातून जाते आणि सेकंदाला १३.२ किलोबिटांचा एकूण दर वाढत नाही. ओपस कोडेकच्या २०२४मधल्या १.५ आवृत्तीत तर मागच्या एका सेकंदापर्यंतचा संक्षेप सोबत पाठवता येतो. यात मूळ आवाजाच्या वाट्याचे काही बिट जातात, हा आक्षेप खरा आहे. पण रेंज चांगली असताना जाणारी ती थोडीशी झळाळी, रेंज ढासळल्यावर वाचणाऱ्या व्यंजनांच्या बदल्यात मी आनंदाने देईन. प्रतही हरवली, तर मात्र लवकर गप्प व्हावे.

आणि मधले काही गेले आहे, हे ऐकणाऱ्याला दिसावे. ब्राउझरमधल्या कॉलसाठी वापरले जाणारे वेबआरटीसी किती आवाज भरून काढला याची मोजणी आजही ठेवते. ती अभियंत्यांना उघडून बघता येते. तीच मोजणी कॉलच्या पडद्यावर, रेंजच्या दांड्यांशेजारी, एका साध्या खुणेने दाखवावी. डॉक्टर फोनवर गोळीची मात्रा सांगत असताना ती खूण उमटली, तर रुग्णाच्या घरचे मात्रा पुन्हा विचारून घेतील.