पैसा कोणाचा, फायदा कोणाचा?

चॅटजीपीटी लोकांसमोर आले ते ३० नोव्हेंबर २०२२ रोजी. त्यानंतर शेअर बाजारात जे घडले त्याचा अंदाज एका कंपनीच्या आकड्यांवरून येतो. कृत्रिम बुद्धिमत्तेला लागणाऱ्या चिप बनवणाऱ्या एनव्हिडियाची विक्री जानेवारी २०२३ ला संपलेल्या वर्षात सुमारे २७ अब्ज डॉलर होती. दोनच वर्षांत ती १३० अब्जांवर गेली. ऑक्टोबर २०२५ मध्ये या कंपनीचे बाजारमूल्य ५ लाख कोटी डॉलरला पोचले. तोवर जगातल्या कोणत्याही कंपनीने हा आकडा पाहिला नव्हता. साहजिकच बँकेतल्या ठेवीवर सहा-सात टक्के व्याज मिळवणाऱ्या माणसाला वाटते, की आपण यात पैसे का घालू नयेत? या प्रश्नाला हल्ली जे उत्तर मिळते ते तंत्रज्ञानाविषयी असते: एआय किती थोर आहे, कोणाच्या नोकऱ्या खाणार आहे, पुढच्या दहा वर्षांत जग कसे बदलणार आहे. हे सगळे खरे धरून चालू. तरीही त्यातून गुंतवणुकीचा निर्णय निघत नाही. तंत्रज्ञानाने जग बदलले आणि त्यात पैसे घालणारे मात्र धुपले, असे यापूर्वी घडले आहे, आणि ते फार जुनेही नाही.

१९९६ मध्ये अमेरिकेत दूरसंचाराचा नवा कायदा झाला आणि ऑप्टिकल फायबरच्या केबली टाकण्याची चढाओढ सुरू झाली. इंटरनेटवरची वाहतूक दर शंभर दिवसांनी दुप्पट होते, असे त्या काळात छातीठोकपणे सांगितले जाई. प्रत्यक्षात ती साधारण वर्षाला दुप्पट होत होती. तो वेगही अफाटच, पण भांडवल उभे केले होते शंभर दिवसांच्या हिशेबाने. त्यातच एका तंतूतून वेगवेगळ्या रंगांच्या प्रकाशलहरी एकाच वेळी पाठवण्याचे तंत्र सुधारले आणि घातलेल्या केबलींची क्षमता कितीतरी पट वाढली. माल उदंड झाला, भाव कोसळले. जानेवारी २००२ मध्ये ग्लोबल क्रॉसिंग या केबल कंपनीने आणि जुलैमध्ये वर्ल्डकॉम या दूरसंचार कंपनीने दिवाळे जाहीर केले. केबली मात्र समुद्राच्या तळाशी जशाच्या तशा होत्या. टायको कंपनीने अब्जावधी डॉलर खर्चून विणलेले जागतिक जाळे मुंबईच्या विदेश संचार निगमने, म्हणजे तोवर टाटांकडे आलेल्या व्हीएसएनएलने, अवघ्या १३ कोटी डॉलरला घेण्याचा करार २००४ मध्ये केला. त्याच सुमारास फ्लॅग टेलिकॉम ही कंपनी सुमारे २१ कोटी डॉलरला रिलायन्सकडे आली. परदेशाशी जोडणाऱ्या या वाहिन्या स्वस्त झाल्या, म्हणून पुण्या-मुंबईत बसून अमेरिकेतल्या बँकेचे काम करणे परवडू लागले. हिंजवडीत आणि ऐरोलीत जी हजारो घरे उभी राहिली, त्यांच्या हप्त्यांत त्या बुडालेल्या अमेरिकी भागधारकांचा वाटा आहे असे म्हटले तर ते फारसे चुकणार नाही. फायबरचे भाकीत खरेच ठरले. फक्त फायदा झाला तो वापरणाऱ्यांचा आणि मोडीच्या भावात घेणाऱ्यांचा.

यावर कोणी म्हणेल, केबली टाकणारे बुडाले, पण त्यांना यंत्रे विकणाऱ्यांनी तर कमावले ना? मग आजही चिप विकणाऱ्याचे शेअर घेतले की झाले. त्या वेळचा असा विक्रेता म्हणजे सिस्को. मार्च २००० मध्ये सिस्को जगातली सर्वांत मौल्यवान कंपनी झाली होती आणि तिचा शेअर नफ्याच्या शंभर पटींहून जास्त भावाने विकला जात होता. ही कंपनी बुडाली नाही, लबाडही निघाली नाही. २००० साली सुमारे १९ अब्ज डॉलर असलेली तिची विक्री २०२३ पर्यंत ५७ अब्जांवर गेली, म्हणजे धंदा तिपटीने वाढला. शेअर मात्र दोन-अडीच वर्षांत ऐंशी टक्क्यांहून जास्त घसरला आणि मार्च २००० मधला बंद भाव त्याने पुन्हा ओलांडला तो डिसेंबर २०२५ मध्ये. मधल्या काळात थोडा लाभांश मिळाला, पण महागाईने त्याहून कितीतरी जास्त खाल्ले. चांगल्या कंपनीसाठी अवाजवी भाव मोजला तर पाव शतक कसे वाया जाते, याचे इतके स्वच्छ उदाहरण दुसरे सापडणे कठीण.

आता आजच्या खर्चाकडे वळू. २०२५ च्या प्रारंभी मायक्रोसॉफ्टने ८० अब्ज, ॲमेझॉनने सुमारे १००, गुगलची मूळ कंपनी अल्फाबेटने ७५ आणि फेसबुकची मूळ कंपनी मेटाने ६० ते ६५ अब्ज डॉलर वर्षभरात खर्चण्याचे बेत सांगितले. यातला बहुतेक पैसा डेटा सेंटरे आणि त्यातल्या चिप यांच्यासाठी होता. बेरीज ३०० अब्जांच्या वर जाते, आणि पुढे वर्षभर हे आकडे वाढतच गेले. उलट बाजूला, या लाटेची प्रमुख मानली जाणारी, चॅटजीपीटी बनवणारी ओपनएआय २०२४ मध्ये सुमारे पावणेचार अब्ज डॉलर कमवत होती आणि तोटा त्याहून मोठा होता, असे वृत्तपत्रांनी तेव्हा दिले होते. सिकोया या गुंतवणूक संस्थेतले डेव्हिड कान यांनी जून २०२४ मध्ये हिशेब मांडला, की एआयवरचा तेव्हाचा खर्च भरून निघायचा तर वर्षाला ६०० अब्ज डॉलरचे उत्पन्न कुठून तरी यायला हवे. कान स्वतः एआयमध्येच पैसा घालणाऱ्या गोटातले, त्यामुळे त्यांच्या आकडेमोडीला वजन आहे.

ताळेबंदातली एक बारीकशी नोंद या सगळ्यापेक्षा बोलकी आहे. विकत घेतलेल्या सर्व्हरचा खर्च कंपनी एकदम दाखवत नाही. तो यंत्राच्या आयुष्यावर वाटून दरवर्षी घसारा म्हणून लावते. सहा वर्षांचे आयुष्य धरले तर एका वर्षाच्या नफ्यातून सहावा हिस्सा वजा होतो. तीनच वर्षे धरली तर तिसरा. यंत्र तेच, पैसे तेच, पण कागदावरचा नफा पार वेगळा. २०२५ च्या सुरुवातीला ॲमेझॉनने आपल्या काही सर्व्हरांचे आयुष्य सहा वर्षांवरून पाचवर आणले आणि कारण दिले एआयमधल्या प्रगतीच्या वेगाचे. त्याच सुमारास मेटाने आपल्या सर्व्हरांचे आयुष्य साडेपाच वर्षांपर्यंत वाढवले. एकाच काळात, एकाच प्रकारच्या धंद्यातल्या दोन बलाढ्य कंपन्यांना ही यंत्रे किती टिकतील यावर एकमत करता येत नाही. आपण तो नफा पक्का मानून त्याच्या तीसपट-चाळीसपट भाव द्यायला निघालो आहोत. रेल्वेचा रूळ पन्नास वर्षे वापरता येतो, फायबर पंचवीस वर्षे पुरते. चिपचे तसे नाही. त्यामुळे फुगा फुटलाच तर मागे उरणारे सामानही पूर्वीइतके कामाचे असेल की नाही, याची मला शंका आहे.

भावांचे काय झाले तेही पाहा. मार्च २०२३ मध्ये ओपनएआयचे जीपीटी-४ बाजारात आले तेव्हा दहा लाख टोकन, म्हणजे शब्दांचे तुकडे, त्याला वाचायला देण्याचा दर ३० डॉलर होता. जुलै २०२४ मध्ये त्याच कंपनीने बऱ्याच कामांना पुरेसे पडणारे छोटे मॉडेल काढले, त्याचा दर १५ सेंट. सोळा महिन्यांत दर दोनशे पटींनी उतरला. सांगलीतला एखादा दुकानदार जाहिरातीचा मजकूर लिहून घेतो, नाशिकची शाळा प्रश्नपत्रिकेचा आराखडा करून घेते, त्यांच्या दृष्टीने ही चैन आहे. पण ज्याचा दर असा उतरतो त्या मालाच्या कारखान्यात भागीदार होण्याआधी दोनदा विचार करावा. जानेवारी २०२५ मध्ये डीपसीक या चिनी कंपनीने कमी खर्चातले मॉडेल पुढे आणले, आणि २७ तारखेच्या एका दिवसात एनव्हिडियाचे बाजारमूल्य सुमारे ५९० अब्ज डॉलरने घटले. अमेरिकेच्या बाजारात एका कंपनीने एका दिवसात एवढे मूल्य तोवर कधी गमावले नव्हते. शेअर पुढे सावरला हे खरे. पण हा भाव किती नाजूक गृहीतकांवर उभा आहे ते त्या सोमवारी दिसले.

माझ्या म्हणण्यावरचा सर्वांत जोरदार आक्षेप असा, की २००० साली नफाच नसलेल्या कंपन्या होत्या आणि आज खर्च करणारे जगातले सर्वांत नफेदार उद्योग आहेत; ते स्वतःच्या खिशातून खर्च करत आहेत. यात बरेच तथ्य आहे. मायक्रोसॉफ्ट किंवा गुगल एआय फसले म्हणून बुडणार नाहीत. तरी दोन गोष्टी विसरून चालणार नाहीत. एक तर एनव्हिडियाचा आजचा नफा हा याच मूठभर ग्राहकांचा खर्च आहे. त्यांनी हात आखडला की तो आटणार. दुसरे, पैसा आता गोल फिरू लागला आहे. सप्टेंबर २०२५ मध्ये एनव्हिडियाने ओपनएआयमध्ये १०० अब्ज डॉलरपर्यंत गुंतवण्याचा मनोदय जाहीर केला, आणि ओपनएआय त्यातून उभारणार होती ती एनव्हिडियाच्याच चिपवर चालणारी केंद्रे. ग्राहकाला पैसे पुरवून आपलाच माल खपवण्याचा हा प्रकार नवा नाही. फायबरच्या तेजीत दूरसंचाराची यंत्रे विकणाऱ्या लुसंटने तेच केले होते. ग्राहक बुडाले आणि २००२ मध्ये लुसंटचा शेअर एका डॉलरच्या खाली आला. खिशातला पैसा पुरेनासा झाल्याचीही चिन्हे आहेत. ओरॅकल या सॉफ्टवेअर कंपनीचा शेअर १० सप्टेंबर २०२५ रोजी एआयच्या करारांच्या बातमीवर एका दिवसात छत्तीस टक्के उसळला. त्या करारांसाठी किती कर्ज काढावे लागेल हे लक्षात येऊ लागले तसा काही महिन्यांतच उसळीपूर्वीच्या भावाच्याही खाली गेला.

दुसरा आक्षेप गुंतवणूकदाराच्या मनातला असतो: बाहेर बसून राहिलो आणि तेजी चालूच राहिली तर? हा प्रश्न हसण्यावारी नेण्याजोगा नाही. अमेरिकेच्या मध्यवर्ती बँकेचे प्रमुख ॲलन ग्रीनस्पॅन यांनी डिसेंबर १९९६ मध्ये बाजाराच्या अविवेकी उत्साहाचा उल्लेख केला तेव्हा नॅस्डॅक निर्देशांक १,३०० च्या आसपास होता. त्यानंतर सव्वातीन वर्षे तो चढतच राहिला आणि १० मार्च २००० रोजी ५,००० च्या वर बंद झाला. इशारा ऐकून बाहेर पडलेल्यांची तेव्हा टिंगल झाली असणार. ऑक्टोबर २००२ मध्ये मात्र निर्देशांक १,१०० च्या घरात, म्हणजे इशाऱ्याच्या दिवसापेक्षाही खाली होता. मग कोणी ॲमेझॉनचे नाव घेतो. तो शेअर नव्वद टक्क्यांहून जास्त पडला आणि त्यातूनच पुढे एवढा वृक्ष झाला, हे निर्विवाद. परंतु १९९९ च्या शिखरावर घेणाऱ्याला मुद्दल परत दिसायला जवळजवळ दहा वर्षे लागली, आणि त्याच वेळी वेबव्हॅन किंवा पेट्स डॉट कॉम या बुडालेल्या इंटरनेट कंपन्यांचे शेअर घेणाऱ्याला जवळजवळ काहीच परत मिळाले नाही. शिवाय इंटरनेटचे इतर काही मोठे विजेते तेव्हाच्या यादीत नव्हतेच. गुगलचा शेअर २००४ मध्ये बाजारात आला. फेसबुकचा जन्मच त्या वर्षीचा. एआयचा खरा विजेता आज शेअर बाजारात नोंदलेला आहे, हे कशावरून?

आपल्याकडच्या गुंतवणूकदाराची अडचण आणखी वेगळी आहे. म्युच्युअल फंडांनी परदेशात किती पैसा न्यावा याला मर्यादा आहे आणि २०२२ च्या सुरुवातीलाच ती गाठली गेली. नवी युनिटे तयार होत नव्हती आणि मागणी तर होती, म्हणून नॅस्डॅकवर आधारित ईटीएफ, म्हणजे शेअरसारखे विकले जाणारे फंड, इथल्या बाजारात त्यांच्या नक्त मूल्यापेक्षा दहा टक्क्यांहूनही महाग विकले गेल्याचे प्रसंग आले. आधीच चढलेल्या शेअरवर आणखी हा अधिभार. मग लोक इथल्याच, नावात किंवा निवेदनात एआय घातलेल्या छोट्या कंपन्यांकडे वळतात. अमेरिकेच्या नियामकाने मार्च २०२४ मध्ये एआय वापरत असल्याचे खोटे सांगणाऱ्या दोन गुंतवणूक सल्लागार कंपन्यांना दंड केला. हा रोग तिकडचाच राहील असे समजू नये. त्याच वर्षी एप्रिलमध्ये राष्ट्रीय शेअर बाजाराला जाहीर करावे लागले, की आपले प्रमुख शेअर सुचवत असल्याचे फिरणारे व्हिडिओ बनावट आहेत. ते व्हिडिओ अर्थातच याच तंत्राने बनवलेले.

आणि पुण्या-मुंबईतल्या कितीतरी घरांत एआयची गुंतवणूक, चांगल्या-वाईट दोन्ही अर्थांनी, आधीच झालेली आहे. मुलगा आयटी कंपनीत, घराचा हप्ता त्या पगारावर, आणि बचतीचा मोठा भाग टीसीएस-इन्फोसिसच्या शेअरमध्ये. टीसीएसने जुलै २०२५ मध्ये बारा हजारांच्या आसपास माणसे कमी करण्याचे जाहीर केले, तेव्हा अशा घरांना पगार आणि पुंजी दोन्ही एकाच दोरीला बांधलेली असल्याचे जाणवले असेल. अमेरिकेच्या निर्देशांकावरचा फंड ज्यांच्याकडे आहे, त्यांच्या पैशाचा जवळजवळ तिसरा हिस्सा या लाटेशी निगडित सात-आठ कंपन्यांत आहेच. म्हणून एआयच्या नावाचा वेगळा फंड किंवा शेअर घेण्याआधी, आज ना उद्या एवढे करा: आपल्याकडच्या फंडांची महिन्याची माहितीपत्रके काढा, त्यांतल्या पहिल्या दहा कंपन्यांची नावे वाचा आणि घरातल्या मिळकतीशी ती ताडून पाहा. एवढे करूनही घ्यावेसे वाटले, तर जी रक्कम पंधरा वर्षे लागणार नाही तेवढीच घाला, आणि सल्ला देणाऱ्याची सेबीकडे नोंदणी आहे का ते सेबीच्या संकेतस्थळावर पाहिल्याशिवाय एक रुपयाही कोणाकडे पाठवू नका.