जोसेफ 'काका' बाप्टिस्टा : एक आदर्श नागरिक
(धर्मग्रामाच्या ज्युबिलीनिमित्त दिघोरी येथील सभेत दिलेले भाषण)



ज्युबिलीच्या दिवशी परमेश्वराचे आभार मानणे हे आपले पहिले कर्तव्य होय. परंतु या गावाने आपणांस आश्रय दिला, त्या गावास आपण काय दिले, हाही हिशेब याच दिवशी केला पाहिजे. आपण संख्येने थोडे. म्हणून सार्वजनिक कार्य हे इतरांचे, आपण आपल्या देवळापुरते असावे, अशी समजूत आपल्यांत रूढ होत आहे. ती घातक आहे, असे आम्हांस वाटते. तिचे उत्तर एका श्रद्धावंत कॅथोलिक पुरुषाच्या चरित्रात सापडते.

जोसेफ बाप्टिस्टा यांचा जन्म १७ मार्च १८६४ रोजी मुंबईत माझगावच्या माथारपाखाडीत, ईस्ट इंडियन कॅथोलिक कुटुंबात झाला. पुण्यास अभियांत्रिकीचे शिक्षण घेऊन ते केंब्रिजला गेले आणि बॅरिस्टर होऊन परतले. अशा विद्वानास सुखाने वकिली करून स्वस्थ राहता आले असते. परंतु १९०१ साली ते मुंबईच्या महापालिकेत गेले आणि सुमारे सतरा वर्षे तेथे राबले. पाणी, गटारे, रस्ते, दिवाबत्ती या कामांत कीर्ती थोडी व कटकट फार. तथापि गरिबाचे जिणे याच कामांवर अवलंबून असते.

लोकमान्य टिळकांचे ते विश्वासू सहकारी होते. १९१६ साली बेळगावी होमरूल लीग स्थापन झाली, तेव्हा अध्यक्षपद बाप्टिस्टा यांस मिळाले. एक ब्राह्मण आणि एक कॅथोलिक; धर्म ज्याचा त्याच्यापाशी, देश मात्र दोघांचा. लोक त्यांस प्रेमाने 'काका' म्हणू लागले. हे नाते मागून मिळत नाही. ते सेवेने जोडावे लागते.

१९२० साली मुंबईत अखिल भारतीय ट्रेड युनियन काँग्रेस स्थापन झाली. लाला लजपतराय तिचे पहिले अध्यक्ष झाले. पुढील वर्षी झरिया येथे, कोळशाच्या खाणींच्या मुलखात, तिच्या अधिवेशनाचे अध्यक्ष बाप्टिस्टा होते. मजुरास न्याय्य वेतन मिळावे व त्यास संघटनेचा हक्क असावा, हे पोप तेरावे लिओ यांनी १८९१ सालीच आपल्या परिपत्रकात जगास सांगितले होते. तेव्हा श्रमिकांची बाजू घेणे म्हणजे देवळापासून दूर जाणे नव्हे. १९२५ साली काका महापालिकेचे अध्यक्ष, म्हणजे आजच्या भाषेत महापौर झाले. १८ सप्टेंबर १९३० रोजी ते निवर्तले. माझगावच्या टेकडीवरील उद्यानास आज त्यांचे नाव आहे.

दिघोरी म्हणजे मुंबई नव्हे, हे आम्ही जाणतो. परंतु येथेही माजी मालगुजारी तलाव गाळाने भरतात. बांधीत चिखल तुडवीत रोवणी करणाऱ्या आणि घरी बिड्या वळणाऱ्या भगिनींच्या मजुरीचा प्रश्न येथेही आहे. या गोष्टींची चर्चा ग्रामसभेत होते. त्या दिवशी आपल्यांपैकी कितीजण तेथे बसतात? जो बसत नाही, त्याने पुढे गाव आपणांस परके मानते अशी तक्रार कोणत्या तोंडाने करावी?

म्हणून या ज्युबिलीचे स्मारक केवळ चुना-विटांचे नसावे. प्रत्येक घरातून एकाने तरी यापुढील ग्रामसभेस जावे. आपल्या मोहल्ल्याचे नव्हे, साऱ्या गावाचे गाऱ्हाणे मांडावे. हा संकल्प आपण आज वेदीसमोर केला, तर हा उत्सव खरोखर सार्थकी लागला, असे आम्ही मानू.

परमेश्वर आपणां सर्वांस आशीर्वाद देवो.