स्फोट पॉलिसीत नव्हता
(मुंबईत घोडपदेव येथील वसंत व्याख्यानमालेतील व्याख्यान)



आजचा विषय पत्रिकेत 'एक्स्टेंडेड कव्हर' असा छापला आहे. एजंट याला कधी अ‍ॅड-ऑन म्हणतो, कधी रायडर, कधी टॉप-अप. दुकानात फ्रीज घेताना काउंटरवरचा मुलगा 'एक्स्टेंडेड वॉरंटी घेता का?' म्हणून विचारतो. प्रत्येकाचे नियम वेगळे असले तरी मूळ संरक्षणात जे नाही ते जादा पैसे भरून घ्यायचे, हा व्यवहार सगळीकडे तोच. मूळ पॉलिसीत काय नाही हे माहीत नसताना आपण जादाचे पैसे भरतो, आणि आपला पैसा नेमका तिथेच वाया जातो.

हे समजून घ्यायला फार लांब जायला नको. घोडपदेवहून रे रोड ओलांडून खाली गेलं की बंदराची हद्द लागते. 14 एप्रिल 1944 रोजी तिथल्या व्हिक्टोरिया डॉकमध्ये 'फोर्ट स्टिकीन' ही बोट उभी होती. पोटात सुमारे चौदाशे टन दारूगोळा, आणि त्याच बोटीत कापसाच्या हजारो गाठी. दुपारी गाठींना आग लागली. अग्निशमन दलाचे जवान पाणी मारत असतानाच चार वाजून सहा मिनिटांनी पहिला स्फोट झाला आणि अर्ध्या तासाच्या आत दुसरा. त्याचा हादरा सिमल्याच्या भूकंपमापकावर नोंदला गेला. आठशे ते तेराशे माणसं गेली असा अंदाज दिला जातो; आग विझवायला गेलेले जवानही त्यात होते. देशभर 14 एप्रिलला अग्निशमन सेवा दिन पाळतात तो त्यांच्यासाठी.

जळत्या गाठी आणि तापलेलं लोखंड उडून आसपासच्या गोदामांवर, घरांवर पडलं. मालकांकडे आगीच्या पॉलिसी होत्या, हप्तेही भरलेले होते. पण त्या काळच्या आगीच्या पॉलिसीत स्फोटाने होणारं नुकसान वगळलेलं असे. मग एखादं गोदाम जळालं ते आगीनं की स्फोटानं? जळती गाठ छपरावर पडून ते पेटलं, पण गाठ उडाली स्फोटानं. शेवटी सरकारला भरपाईची जबाबदारी स्वतःकडे घ्यावी लागली आणि त्यासाठी 1944 मध्येच खास वटहुकूम निघाला. युद्धाचा काळ होता, दारूगोळा सरकारचा होता, म्हणून हे झालं. तुमच्याआमच्या घरात गॅसचा भडका उडाला तर कुणी वटहुकूम काढणार नाही.

आज परिस्थिती बरीच सुधारली आहे, हे मी आवर्जून सांगतो. 1 एप्रिल 2021 पासून घरासाठी 'भारत गृह रक्षा' ही प्रमाणित पॉलिसी आली. आग, स्फोट, भूकंप, वादळ, पूर, दंगल, दहशतवादी कृत्य हे सगळं तिच्या मूळ पॉलिसीतच आहे. कंपनी कुठलीही असो, मूळ मजकूर तोच. त्यामुळे कुणी 'साहेब, स्फोटासाठी वेगळं कव्हर घ्या' म्हणाला, तर त्याला आधी मूळ कागद दाखवायला सांगा.

पण आपल्या भागातल्या घरांसाठी त्यातल्या दोन गोष्टी नीट समजून घ्यायला हव्यात. एक, इमारत जुनी होऊन खचली, बांधकामातल्या दोषामुळे तडे गेले, तर विमा मिळत नाही. पागडीच्या चाळीत राहणाऱ्याला पावसाळ्यात सगळ्यात मोठी भीती असते ती याचीच, आणि तिच्यासाठी दुकानात मिळणारं कुठलंही अ‍ॅड-ऑन मला माहीत नाही. तिथे उपाय दुरुस्तीचा आणि पुनर्विकासाचा. विम्याच्या भरवशावर कुणी धोकादायक इमारतीत राहू नये. दुसरी गोष्ट, भाडेकरूला भिंतींचा नाही तरी घरातल्या सामानाचा विमा उतरवता येतो. मात्र त्यात दागिने आपोआप येत नाहीत. मंगळसूत्र, पाटल्या, चांदीची भांडी यांच्यासाठी वेगळं जादा कव्हर घ्यावं लागतं. इथे जादा पैसे भरणं योग्य आहे, कारण मूळ पॉलिसीतली ती खरी उणीव आहे.

आता आरोग्य विम्याकडे येतो, कारण सगळ्यात जास्त गफलत तिथे होते. समजा तुमची मूळ पॉलिसी 3 लाखांची आहे. तुम्ही त्यावर 5 लाखांचा टॉप-अप घेतला आणि मनात हिशेब केला, 8 लाख झाले. वर्षात दोनदा हॉस्पिटलात जावं लागलं, दोन्ही वेळा बिल अडीच लाख. पहिल्या वेळी मूळ पॉलिसीनं सगळं दिलं. दुसऱ्या वेळी तिच्यात उरले पन्नास हजार, तेवढे मिळाले. राहिलेले दोन लाख टॉप-अप देईल असं तुम्हाला वाटतं. तो एक पैसाही देत नाही. साधा टॉप-अप प्रत्येक बिल सुटं मोजतो, आणि यातलं एकही बिल 3 लाखांच्या वर गेलेलं नाही. त्या जागी सुपर टॉप-अप असता, तर त्यानं वर्षभराची बेरीज केली असती. पाच लाखांतून तीन वजा करून तुमचे दोन लाख दिले असते. आयुष्यभर गिरणीत किंवा गोदीत राबलेल्या आईवडिलांसाठी मुलं पोटाला चिमटा काढून पॉलिसी घेतात. त्यांना फॉर्म भरताना हा फरक कुणी सांगत नाही याचा मला राग येतो.

टॉप-अप घेताना आधीचे आजार लपवू नका. मधुमेह, रक्तदाब फॉर्मवर लिहा. आधीपासूनच्या आजारासाठी थांबण्याची मुदत आता जास्तीत जास्त तीन वर्षं आहे. नव्या टॉप-अपला ती पुन्हा पहिल्यापासून लागू शकते, म्हणून तो आजारपण येण्याआधीच घ्यावा.

गाडीचं थोडक्यात सांगतो. हिंदमाताला पाणी तुंबलं, गाडी बंद पडली. मूळ पॉलिसीत पूर आहे. पण पाण्यात उभ्या गाडीला पुन्हा पुन्हा स्टार्टर मारला आणि इंजिनात पाणी जाऊन ते जाम झालं, तर कंपन्या तो खर्च नाकारतात. त्यासाठी इंजिन प्रोटेक्ट कव्हर असतं. मुंबईत गाडी खाली रस्त्यावर लावणाऱ्यानं ते घ्यावं. आणि ते असो वा नसो, पाण्यात स्टार्टर मारू नये.

टीव्ही-फ्रीजच्या जादा वॉरंटीत विचारायचं एवढंच: ती देणार कोण, बनवणारी कंपनी, दुकानदार की तिसराच कुणी? मूळ वॉरंटी संपल्यावर ती सुरू होते की आजपासूनच? पडून फुटलेलं, विजेच्या झटक्यानं जळलेलं चालतं का? उत्तर लेखी मिळत नसेल तर पैसे खिशातच ठेवा.

पॉलिसी हातात आल्यावर ती पटली नाही तर परत करायला 30 दिवस मिळतात. आयुर्विमा आणि आरोग्य विमा, दोन्हींना हे लागू आहे. कंपनीनं तक्रार ऐकली नाही तर विमा लोकपालाकडे जाता येतं. तिथे फी नाही, वकील लागत नाही आणि 50 लाखांपर्यंतचे दावे चालतात. वस्तूच्या वॉरंटीसाठी ग्राहक हेल्पलाइनचा नंबर 1915.

घरी गेल्यावर कपाटातली पॉलिसी काढा आणि सगळ्यात आधी 'एक्स्क्लूजन्स', म्हणजे वगळलेल्या गोष्टींचं पान वाचा. इंग्रजी अडत असेल तर घरातल्या कॉलेजच्या मुलाला किंवा मुलीला शेजारी बसवा. ते पान वाचून होईपर्यंत कुठल्याही जादा कव्हरवर सही करू नका, ही माझी तुम्हा सगळ्यांना हात जोडून विनंती आहे.