तारांगणाची सहल आणि मुलांची वये
(रामवाडी येथे प्राथमिक शिक्षकांसमोर केलेले भाषण)



आपल्या पेण-रोहे भागातील शाळेची मुंबईची सहल ठरली, की राणीच्या बागेबरोबर वरळीच्या नेहरू तारांगणाचे नाव यादीत हटकून येते. ३ मार्च १९७७ रोजी सुरू झालेली ही संस्था आपल्या मुलांना अगदीच दूर नाही. परंतु पहिलीपासून सातवीपर्यंतची सारी मुले एकाच खेळास बसविली, तर लहानांस तो कळत नाही आणि मोठ्यांस पुरत नाही. कोणत्या वयाच्या मुलास तेथे काय पाहावयास लावावे, हा विचार शिक्षकाने निघण्यापूर्वीच केला पाहिजे. आज मला सांगावयाचे आहे ते एवढेच.

प्रथम तारांगण म्हणजे काय ते पाहू. घुमटाच्या आतील पांढऱ्या पृष्ठभागावर प्रक्षेपकाच्या साह्याने ताऱ्यांची प्रकाशचित्रे पाडतात. असा पहिला प्रक्षेपक जर्मनीत म्यूनिक येथे १९२३ साली दाखविला गेला. आपल्या महाराष्ट्रात पुण्याच्या टिळक रस्त्यावरील न्यू इंग्लिश स्कूलने १९५४ सालीच शाळेच्या आवारात तारांगण उभारले, ही आपणां शिक्षकांस अभिमानाची गोष्ट आहे. या यंत्राची थोरवी अशी, की ते काळास हवे तसे फिरविते. एक रात्र काही मिनिटांत सरते, भर दुपारी तारे दिसतात. मात्र याच थोरवीमुळे पूर्वतयारी नसलेले मूल गोंधळते. आकाश गरगर फिरते असे ते घरी येऊन सांगते.

आता वयांचा विचार करू. पहिली-दुसरीच्या मुलांस शक्यतो इतक्या लांब नेऊ नये. नेणे भागच पडले, तर अंधार होणार आहे हे आधी सांगावे आणि प्रत्येकाच्या शेजारी एक मोठे मूल बसवावे. या वयास चंद्र, चांदणी आणि रात्रीचा दिवस होणे एवढेच पुष्कळ झाले. ग्रहांची नावे पाठ करून घेण्याचा आग्रह धरू नये.

तिसरी-चौथीची मुले दिशा शिकत असतात व चंद्राच्या कलांविषयी विचारू लागतात. सहलीपूर्वी पंधरा दिवस त्यांजकडून रोज सायंकाळी चंद्राची आकृती वहीत काढून घ्यावी. चंद्र दररोज सरासरी ५० मिनिटे उशिरा उगवतो, हे ती स्वतःच ताडतील. आपल्या खारेपाटातील व खाडीकाठच्या मुलांस तर भरतीची वेळ रोज पुढे सरकते, अमावास्या-पौर्णिमेच्या सुमारास उधाण येते आणि अष्टमीच्या सुमारास भांग असतो, हे बापाच्या तोंडून ऐकून ठाऊक असते. त्या ज्ञानास आकाशाशी जोडून द्यावे. असे मूल घुमटाखालचा चंद्र ओळखीच्या माणसाप्रमाणे पाहते.

पाचवी ते सातवीच्या मुलांस पृथ्वीचे भ्रमण, ऋतू आणि नक्षत्रे समजू शकतात. निघण्यापूर्वी त्यांस शाळेच्या अंगणात हळूहळू स्वतःभोवती फिरावयास सांगावे. आपण फिरतो तेव्हा झाडे उलट फिरताना भासतात, हे कळले म्हणजे घुमटातील फिरते आकाश त्यांस फसवीत नाही. ध्रुव आपल्याकडे क्षितिजापासून सुमारे १९ अंशांवर असतो. हात लांब करून धरलेली एक मूठ साधारण १० अंशांची, म्हणजे उत्तरेस जवळजवळ दोन मुठी वर. दिवाळीनंतरच्या संध्याकाळी सप्तर्षी दिसत नाहीत, म्हणून शर्मिष्ठेच्या साह्याने ध्रुव शोधावयास शिकवावे.

याच मुलांसाठी एक प्रश्न राखून ठेवावा. ७-८ जूनच्या सुमारास मृग लागते हे शेतकऱ्याच्या प्रत्येक मुलास ठाऊक असते. मग त्या दिवसांत मृगाचे तारे का दिसत नाहीत? सूर्य त्या वेळी त्याच भागात असतो, म्हणून ते तारे दिवसा आकाशात असतात व उजेडात लपतात. मार्गशीर्षात सूर्य समोरच्या बाजूस गेला, की तेच मृग सायंकाळी पूर्वेस उगवते आणि पौर्णिमेचा चंद्र त्याच्याजवळ येतो. महिन्याचे नावही त्यावरूनच पडले. पुस्तकात हे समजाविणे कठीण जाते, पण घुमटाखाली सूर्याचा उजेड मंद करून ते दाखविता येते.

सहलीसाठी दिवाळीनंतरचा काळ उत्तम, कारण आकाश निरभ्र असते व आधीचे निरीक्षण साधते. खेळ मराठीतून असेल अशी वेळ पूर्वी ठरवून घ्यावी. एका खेळास एकाच वयोगटाची मुले बसवावी.

शेवटी एक गोष्ट कळकळीने सांगतो. प्रत्येक सहलीत काही मुले पैशांअभावी मागे राहतात. गेलेली मुले परतून तेथल्या नवलाच्या गोष्टी सांगू लागतात, तेव्हा तारे ही आपल्या वाट्याची वस्तू नव्हे, असे त्या मुलांच्या मनात भरू शकते. हे होऊ देऊ नये. सहलीनंतरच्या आठवड्यात एका अंधाऱ्या रात्री, पालकांस कळवून, सर्वांस गावाबाहेरच्या मोकळ्या जागी जमवावे. गेलेल्या मुलांनी न गेलेल्यांस मृग, कृत्तिका आणि रोहिणी बोटाने दाखवावी. मुंबईच्या दिव्यांत जे तारे बुजून जातात, ते आपल्या वाडीवर अजून दिसतात. जमल्यास फिरते तारांगण शाळेत आणवावे. त्याच्या फुगविलेल्या लहान घुमटात थोडी थोडी मुले पाळीपाळीने बसतात, आणि कोणासही वगळावे लागत नाही.

ज्या शाळेतील सर्व मुले, गेलेली आणि न गेलेली, एका रात्री ध्रुव ओळखतील, त्या शाळेची सहल सफल झाली असे मी समजेन.