आमच्या गाडीचे जुने अंग, नवे काळीज
(मंडळाच्या वर्धापनदिनी केलेले भाषण)



मी सातवी शिकलेली बाई. स्वयंपाकघराबाहेर उभे राहून बोलण्याची मला सवय नाही. पण अध्यक्षाबाई म्हणाल्या, "तुमच्या गाडीची हकीकत सांगा. तिच्यात आपल्या मंडळाचाही वाटा आहे." म्हणून धीर केला. चुकले तर सांभाळून घ्या.

आमच्या मामंजींची अॅम्बॅसेडर होती, १९८६ सालची. आठवडे-बाजाराला स्टीलची भांडी न्यायला तीच आमचा आधार. २०१० साली तिचे इंजिन थकले. धूर, तेल पिणे, घाटात दम लागणे. वयच झाले होते, दोष कुणाचा देणार? दुसरी गाडी घ्यायला पैसे नव्हते. ह्यांनी ठरविले, सांगाडा मजबूत आहे, तर इंजिनच बदलावे.

अॅम्बॅसेडरला मूळचे पेट्रोल इंजिन १४८९ सी.सी.चे. पुढे १९९२-९३ च्या सुमारास त्याच गाडीत इसुझूचे १८१७ सी.सी.चे इंजिन येऊ लागले, पाच गिअरचे. मोडीत निघालेल्या गाडीचे असे इंजिन मिळाले तर काम स्वस्तात होईल, असा हिशेब. कुणी म्हणाले, डिझेल बसवा, खर्च वाचेल. पण डिझेल इंजिन जड, पुढच्या स्प्रिंगा दबतात. शिवाय उरलेले डिझेल टाकीत परत नेणारी वेगळी नळी लागते. तो विचार सोडला.

घरात ३०,००० रुपये होते. हे मुंबईला कुर्ल्याच्या जुन्या मालाच्या बाजारात गेले आणि २२,००० ला नुसते इंजिन घेऊन आले. विकणारा म्हणाला होता, "जुना गिअरबॉक्स बसेल." मेस्त्रींनी इंजिन लावायला घेतले, तर भोकांना भोके जुळेनात! भगिनींनो, शेजारणीच्या कुकरचे झाकण आपल्या कुकरला बसत नाही, तसेच ते. इंजिन आणि गिअरबॉक्स ह्यांच्यामध्ये क्लच असतो. तिन्ही एकमेकांच्या मापाची असावी लागतात, हे तेव्हा कळले.

दिवाळी तोंडावर आली होती. भांड्यांचा खरा धंदा तेव्हाच. आणि गाडी तीन आठवडे पोट उघडून पडलेली. हे रात्री जेवत नसत. मग मी वही काढली. गिअरबॉक्स ९,०००. पाय, म्हणजे माउंटिंग, क्लच, रेडिएटर, सायलेन्सर व वायरिंग मिळून ७,५००. नवा गिअरबॉक्स लांब, म्हणून मागचा शाफ्ट आखूड करून तोलून घेणे, २,५००. तो तोलला नाही तर वेगात सारी गाडी थरथरते. मेस्त्रींची मजुरी ८,०००. एकूण ४९,०००. म्हणजे १९,००० कमी.

आपल्या भिशीत आम्ही १२ जणी होतो, महिन्याला प्रत्येकी १,०००. माझा नंबर फाल्गुनात होता. त्या महिन्याचा नंबर ज्या बाईंचा होता, त्यांनी न मागता तो मला दिला. त्या आज इथेच बसल्या आहेत. नाव घेऊ नको म्हणाल्या आहेत. उरलेल्या ७,००० साठी माहेरच्या पाटल्या गहाण टाकल्या. धनत्रयोदशीच्या दोन दिवस आधी गाडी घाट चढली. गिअरची दांडी पूर्वी स्टिअरिंगजवळ होती, ती आता खाली आली होती. हे दोन दिवस हात वर नेऊन चाचपडत होते!

आता माझ्या अनुभवाचे चार शब्द. जुने इंजिन घ्यायचे तर गिअरबॉक्स, माउंटिंग आणि वायरिंगसह एकाच गाडीचे घ्यावे. आधी ते हाताने फिरते का पाहावे. चारही सिलिंडरांचा दाब मोजून घ्यावा. तेल ताकासारखे पांढरट दिसले तर त्यात पाणी शिरले आहे, असे समजावे. इंजिन जोरदार झाले तर ब्रेकही तपासून घ्यावेत. जोर वाढविला आणि थांबायची सोय केली नाही, तर संसार काय नि गाडी काय, दोन्ही फसतात.

आणि कागद! इंजिनाचा नंबर नोंदणीच्या पुस्तकात असतो. मी हट्टाने इंजिन नंबर लिहिलेली पावती आणायला लावली, आणि आर.टी.ओ.ची मंजुरी काढल्यावरच मेस्त्रींना हात लावू दिला. १९८८ च्या मोटार कायद्याचे ५२ वे कलम ह्याबद्दलच आहे. मूळ गाडीत मनमानी बदल चालणार नाहीत, असे सर्वोच्च न्यायालयानेही २०१९ साली सांगितले आहे. तेव्हा आज कुणी हे करणार असेल, तर आधी आर.टी.ओ.त विचारावे, मग पाना उचलावा. विमावाल्यांनाही कळवावे.

पुढच्या पाडव्याला पाटल्या सुटल्या. ती गाडी आणखी आठ वर्षे चालली. तिच्यावर थोरलीचे नर्सिंगचे शिक्षण झाले. २०१४ साली उत्तरपाड्याच्या कारखान्यात अॅम्बॅसेडर बनणे थांबले, तेव्हा मामंजींनी गाडीला हार घातला होता.

ह्यांनी इंजिन आणले, मेस्त्रींनी ते बसविले. पण अडलेली गाडी पुढे ढकलली ती तुम्ही, ह्या मंडळातल्या बायांनी. ती भिशी आजही चालू आहे. नव्या सुनांनी तीत नाव घालावे, आणि घरात यंत्राचे बोलणे निघाले की "त्यात आपल्याला काय कळते" म्हणून उठून जाऊ नये. वही घेऊन बसावे.